कॅचरच्या पाठीमागचा माणूस

१७ एप्रिल २०२५. वानखेडेवर मुंबई विरुद्ध हैदराबाद. झीशान अन्सारीच्या चेंडूवर रायन रिकल्टनने फटका मारला, पॅट कमिन्सने झेल घेतला आणि रिकल्टन मान खाली घालून परत निघाला. तेवढ्यात त्याला थांबवलं गेलं. रिप्लेमध्ये दिसलं की चेंडू बॅटला लागायच्या आधीच यष्टिरक्षक क्लासेनचे ग्लोव्ह्ज स्टंपच्या पुढे आले होते. नोबॉल. झेल रद्द, वर फ्री हिट.

आमच्या मित्रांच्या ग्रुपवर पाच मिनिटांत चाळीस मेसेज पडले. जवळपास सगळ्यांचा सूर एकच : हा कुठला नियम? आणि आजच कुठून उपटला?

मी गप्प होतो. मला तो नियम माहीत होता. कॉलेजच्या दिवसांत एका टेनिस बॉल स्पर्धेत मी पंच म्हणून उभा होतो, स्क्वेअर लेगला. संथ गोलंदाजी चालू होती, कीपर स्टंपला चिकटून. बॅट्समन पुढे सरसावला, चुकला, आणि कीपरने स्टंपच्या पुढे हात घालून चेंडू पकडून बेल्स उडवल्या. हात पुढे आलेले मी स्पष्ट पाहिले. तरी बोट वर केलं. कारण त्या क्षणी डोक्यात एवढंच आलं, की असा नोबॉल कधी कुणी देतं का? बॅट्समनलाही नियम माहीत नव्हता. तो मुकाट्याने गेला. विषय संपला. माझ्यापुरता मात्र तो पूर्णपणे कधीच संपला नाही.

वानखेडेच्या त्या रात्रीनंतर मी हाच प्रश्न घेऊन वाचायला बसलो आणि वाचता वाचता पोहोचलो थेट अमेरिकेत, बेसबॉलमध्ये. आपल्या यष्टिरक्षकाचा तिथला भाऊ म्हणजे कॅचर. त्याच्याभोवतीचे काही नियम वर्षातून एखाद्याच वेळी लागतात, पण लागले किंवा लागायचे राहिले, की पन्नास पन्नास वर्षं लोक भांडत राहतात. पुस्तकात आहे पण कुणीच लावत नाही, अशा नियमाचं पंचाने करायचं काय, या प्रश्नाचा एवढा मोठा इतिहास मला दुसरीकडे सापडला नाही.

तिघं एका जागी

बेसबॉल अजिबात माहीत नसेल तरी हरकत नाही. एवढंच डोळ्यांपुढे आणा. जमिनीत बसवलेली पाच कोनांची पांढरी रबरी पाटी, म्हणजे होम प्लेट. तिच्या बाजूला बॅट घेऊन उभा बॅटर. पाटीमागे उकिडवा बसलेला कॅचर, तोंडावर जाळी, छातीवर आणि नडग्यांवर पॅड, एका हातात जाड मिट. आणि त्या कॅचरच्या पाठीशी, त्याच्या खांद्यावरून वाकून बघणारा पंच.

समोरून साठ फुटांवरून पिचर चेंडू फेकतो. ताशी दीडशे किलोमीटरचा वेग आता नवलाचा राहिलेला नाही. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद. चेंडू मारला की त्याने पहिल्या बेसकडे धाव घ्यायची, मग दुसरा, तिसरा, आणि फिरून पुन्हा होम प्लेटला आलं की एक धाव.

म्हणजे खेळ जिथून सुरू होतो तिथेच धावही पूर्ण होते. आणि नेमक्या त्याच जागी तीन माणसं खेटून असतात. क्रिकेटचा पंच बावीस यार्डांवरून किंवा स्क्वेअर लेगवरून बघतो. इथला पंच कॅचरच्या श्वासाचा आवाज ऐकू येईल इतका जवळ असतो. आणि तरी, किंवा म्हणूनच, कॅचरचा मिट आणि जमीन यांच्यामध्ये नेमकं काय झालं ते त्यालाच सगळ्यात कमी दिसतं. मध्ये कॅचरचं शरीर असतं.

ते शरीर त्याची ढालही असतं. कॅचरने सोडलेला चेंडू बहुधा पंचाच्या अंगावर येतो. ज्या माणसाच्या आडोशाने तो सुखरूप उभा आहे, त्याच माणसाविरुद्ध त्याला कधीतरी निर्णय द्यावा लागतो.

सुटलेला तिसरा स्ट्राइक

बेसबॉलमधला माझा सगळ्यात आवडता विचित्र नियम हा. तिसरा स्ट्राइक झाला, पण कॅचरने चेंडू जमिनीला लागण्याआधी नीट पकडला नाही, तर बॅटर आपोआप बाद होत नाही. तो पहिल्या बेसकडे पळू शकतो. त्याला बाद करायचं तर चेंडू हातात घेऊन त्याला स्पर्श करावा लागतो, किंवा तो पोहोचायच्या आत चेंडू पहिल्या बेसवर फेकावा लागतो.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हा शुद्ध वेडेपणा वाटला. तीनदा चुकलेल्या माणसाला बक्षीस कशाला? पण इतिहास पाहिला की कोडं सुटतं. योहान गुट्समुथ्स या जर्मन व्यायामशिक्षकाने १७९६ मध्ये खेळांचं एक पुस्तक लिहिलं. त्यात एका इंग्लिश बेसबॉलचंही वर्णन आहे. तिथे मारणाऱ्याला तीन संधी मिळत, आणि तिसऱ्या वेळी चेंडू बॅटला लागो न लागो, तो खेळात आला असं धरलं जाई. स्ट्राइकवर बाद होणं ही कल्पनाच तेव्हा नव्हती. १८४५ मध्ये न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने आपले नियम लिहून काढले तेव्हाही तेच राहिलं : तिसऱ्यांदा चुकलेला चेंडू पकडला तर बाद, नाही पकडला तर मारणाऱ्याने पळायचं.

म्हणजे आज जो अपवाद वाटतो तोच मूळ नियम होता. त्या काळी कॅचर बराच मागे, उघड्या हातांनी उभा राहायचा. एका टप्प्यावर पकडलेला चेंडूही चालायचा. चेंडू सुटणं ही रोजची गोष्ट होती. मग १८७७ च्या सुमारास हार्वर्डच्या फ्रेड थेअरने तलवारबाजीच्या मुखवट्यावरून कॅचरसाठी जाळी बनवली. १९०७ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सचा रॉजर ब्रेस्नाहन नडग्यांवर पॅड बांधून उतरला तेव्हा त्याची थट्टा झाली, पण थोड्याच वर्षांत सगळेच बांधू लागले. संरक्षण आलं तसा कॅचर पुढे सरकत बॅटच्या मागे येऊन बसला, आणि चेंडू सुटणं विरळ झालं. नियम तिथेच राहिला, खेळ पुढे निघून गेला.

मधल्या काळात कॅचरनी त्यातून एक युक्तीही शोधली होती. पहिल्या बेसवर रनर असताना मुद्दाम चेंडू सोडायचा. मग बॅटरला पळावं लागे, बॅटर पळाला की पुढच्या रनरलाही जागा सोडावी लागे, आणि एका चेंडूत दोघं बाद. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुरुस्ती झाली : पहिला बेस भरलेला असेल आणि दोन बाद झालेले नसतील, तर चेंडू सुटला तरी बॅटर बादच. आज ही ओळ वाचताना ती उगीच क्लिष्ट केल्यासारखी वाटते. पण तिच्यामागे एक लबाडी आहे आणि ती पकडणारं कुणीतरी आहे.

हा नियम कधी कसा लागेल याचा नेम नाही. ५ ऑक्टोबर १९४१, ब्रुकलिनचं एबेट्स फील्ड, वर्ल्ड सीरिजचा चौथा सामना. ब्रुकलिन ४-३ ने पुढे, शेवटची इनिंग, दोन बाद. यांकीजचा टॉमी हेन्रिक तिसऱ्या स्ट्राइकवर चुकला. सामना संपला असं वाटतंय तोच चेंडू कॅचर मिकी ओवेनच्या हातातून निसटून मागे गेला. हेन्रिक पहिल्या बेसवर पोहोचला. मग डिमॅजिओ, मग केलर, आणि बघता बघता यांकीज ७-४ ने जिंकले. दुसऱ्या दिवशी सीरिजही. त्या दिवशी पंचांचं काम सोपं होतं, कारण चेंडू सुटलेला स्टेडियममध्ये सगळ्यांना दिसत होता. दोष ओवेनच्या माथी गेला आणि आयुष्यभर चिकटला.

खरी परीक्षा होते ती चेंडू सुटला की नाही हेच दिसत नाही तेव्हा.

१२ ऑक्टोबर २००५, शिकागो. अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेतला दुसरा सामना, व्हाइट सॉक्स विरुद्ध एंजल्स. पहिला सामना एंजल्सनी जिंकलेला. १-१ अशी बरोबरी, नववी इनिंग, दोन बाद. शिकागोचा ए. जे. पिअर्झिन्स्की खाली बुडणाऱ्या चेंडूवर चुकला. तिसरा स्ट्राइक. मिट जवळजवळ जमिनीला टेकलेला. एंजल्सचा कॅचर जॉश पॉल, संघातला तिसऱ्या क्रमांकाचा आणि काही वर्षांपूर्वी याच शिकागोकडून खेळलेला. त्याला खात्री होती की चेंडू हातात आहे. त्याने तो पिचरच्या दिशेने घरंगळत सोडून दिला आणि डगआउटकडे निघाला.

पंच डग एडिंग्ज यांनी उजवा हात बाजूला सरळ केला, मग मूठ आवळली. बाद, असंच सगळ्यांना वाटलं. पिअर्झिन्स्कीसुद्धा एक पाऊल डगआउटकडे टाकून बसला होता. पण तो स्वतः कॅचर. संशय असेल तर बॅटरला चेंडू लावून टाकायचा, ही कॅचरची पहिली सवय. आपल्याला कुणी स्पर्श केलेला नाही हे त्याच्या लक्षात आलं आणि तो वळून पहिल्या बेसकडे सुसाट पळाला.

एडिंग्ज यांनी त्याला तिथे सुरक्षित मानलं. चेंडू पकडला गेला नव्हता, आणि हाताची ती खूण स्ट्राइकची होती, बाद झाल्याची नव्हती, असं त्यांचं म्हणणं. एंजल्सचे मॅनेजर माइक सोशिया, तेही एकेकाळचे कॅचर, मैदानात धावत आले. पंचांनी आपसात चर्चा केली. निर्णय कायम राहिला. पिअर्झिन्स्कीच्या जागी पाब्लो ओझुना पळायला आला, त्याने दुसरा बेस चोरला, जो क्रीडीने चेंडू डावीकडे दूर मारला. शिकागो २-१. पुढचे तिन्ही सामने शिकागोने जिंकले, आणि मग १९१७ नंतरची त्यांची पहिली वर्ल्ड सीरिजही.

तो चेंडू मी मोबाइलवर थांबवून थांबवून कितीदा तरी पाहिला. कधी वाटतं पकडला, कधी वाटतं टप्पा पडला. पण त्या दिवशी रिप्लेवरून निर्णय फिरवायची सोयच नव्हती, आणि एडिंग्ज यांना तर कॅचरच्या पाठीपलीकडे पाहायचं होतं. मला त्यांची चूक शोधायची तर ती चेंडूच्या निर्णयात सापडत नाही, हातवाऱ्यात सापडते. पंच रोज शेकडो वेळा तीच खूण करतो. तिसरा स्ट्राइक आणि बाद, हे दोन वेगळे निर्णय आहेत हे दाखवायची वेळच त्याच्यावर क्वचित येते. मग हात सवयीने हलतो. न वापरलेला नियम असाच गंजतो. पुस्तकात तो लख्ख असतो, गंजतो तो माणसाच्या हातात.

सिनसिनाटीची टक्कर

एडिंग्ज यांना लोकांनी धारेवर धरलं, कारण त्यांनी एक विरळा नियम लावला. त्याच्या तीस वर्षं आधी लॅरी बार्नेट यांच्यावर त्याहून वाईट वेळ आली होती. त्यांनी नियम लावला नाही म्हणून.

१४ ऑक्टोबर १९७५, सिनसिनाटीचं रिव्हरफ्रंट स्टेडियम. सिनसिनाटी रेड्स विरुद्ध बॉस्टन रेड सॉक्स, वर्ल्ड सीरिज १-१, हा तिसरा सामना ५-५ वर अडकलेला. दहाव्या इनिंगमध्ये रेड्सचा सीझर जेरोनिमो पहिल्या बेसवर. बॅटिंगला बदली खेळाडू एड आर्मब्रिस्टर. त्याने हलकेच बंट केला, म्हणजे चेंडू नुसता अडवून खाली टाकला. कृत्रिम गवतावर तो उंच उसळला, होम प्लेटच्या अगदी पुढ्यात.

बॉस्टनचा कॅचर कार्लटन फिस्क चेंडूवर झेपावला. आर्मब्रिस्टर पळायला निघता निघता क्षणभर थबकला. दोघं धडकले. फिस्कने चेंडू पकडला, त्याला बाजूला सारून दुसऱ्या बेसकडे फेकला, आणि फेक थेट मागच्या मैदानात गेली. जेरोनिमो तिसऱ्या बेसवर, आर्मब्रिस्टर दुसऱ्यावर.

फिस्क ओरडत होता : अडथळा! तसं मानलं गेलं असतं तर आर्मब्रिस्टर बाद आणि जेरोनिमो परत पहिल्या बेसवर. मॅनेजर डॅरेल जॉन्सनही आले. होम प्लेटमागे उभे असलेले बार्नेट ढळले नाहीत. ही नुसती टक्कर होती, मुद्दाम केलेला अडथळा नव्हता, हे त्यांचं मत. थोड्या वेळात जो मॉर्गनच्या फटक्यावर जेरोनिमो घरी आला. रेड्स ६-५.

टीव्हीवर समालोचकांनी निर्णय चुकल्याचं सांगितलं. देशभर लोकांनी ते ऐकलं. तिशीतल्या बार्नेट यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. एका टक्करीला टक्कर म्हटल्याबद्दल.

पुस्तक काय म्हणतं? दोन गोष्टी, आणि दोन्ही खऱ्या. एक : मारलेला चेंडू अडवायला निघालेल्या खेळाडूची वाट रनरने सोडायची. नाही सोडली तर तो बाद, मग हेतू असो वा नसो. दोन : मारणाऱ्याला पहिल्या बेसकडे पळायचा हक्क आहे. मैदानात इतरत्र ही दोन वाक्यं सहसा एकमेकांच्या आड येत नाहीत. चेंडू शंभर फुटांवर असेल तर रनरला वळसा घ्यायला वेळ मिळतो. पण होम प्लेटच्या पुढ्यात कॅचरचा हक्क आणि बॅटरचा हक्क एकाच क्षणी, एकाच फुटाच्या जागेत जन्माला येतात. त्यांनी एकमेकांना टाळायचं तरी कसं?

आज नियमपुस्तकाच्या टिपेत याचं उत्तर छापलेलं आहे : चेंडू उचलायला निघालेला कॅचर आणि पहिल्या बेसकडे निघालेला बॅटर यांची टक्कर झाली, तर सहसा कुणाचाच दोष नाही आणि पंचांनी काहीच देऊ नये. अशा प्रसंगाचा विषय निघाला की नियमांचे जाणकार आजही आर्मब्रिस्टरचं नाव घेतात.

बार्नेट बरोबर होते असं मी म्हणेन, पण पूर्ण खात्रीने नाही. आर्मब्रिस्टर थबकला हे खरं आहे. सरळ पळाला असता तर कदाचित टक्कर झालीच नसती. ‘सहसा’ या शब्दाची हीच अडचण आहे. तो शब्द पंचांना नियम देत नाही, जबाबदारी देतो. पण मला पटणारी एक गोष्ट निराळी आहे. बार्नेट यांनी काहीच दिलं नाही म्हणजे ते गोंधळले, असं अनेकांना वाटलं. खरं तर त्यांनी दोन्ही हात बांधून घेतले नव्हते. त्यांनी टक्कर पाहिली, तोलली, आणि काही द्यायचं नाही असं ठरवलं. न दिलेला निर्णय हाही निर्णयच असतो.

फिस्कची गोष्ट पुढे गोड झाली. आठवडाभराने सहाव्या सामन्यात त्याने बाराव्या इनिंगमध्ये मारलेला होम रन अमेरिकेतल्या प्रत्येक बेसबॉलवेड्याला पाठ आहे. सातवा सामना मात्र रेड्सनी जिंकला. बार्नेट १९९९ पर्यंत पंच राहिले.

हाडं मोडल्यावर

त्याच रिव्हरफ्रंटवर, पाच वर्षं आधी, आणखी एक टक्कर झाली होती. १४ जुलै १९७०, ऑल-स्टार सामना, म्हणजे खरं तर प्रदर्शनीय लढत. बाराव्या इनिंगमध्ये पीट रोझ धाव पूर्ण करायला होम प्लेटकडे आला आणि वाटेत उभ्या कॅचर रे फॉसीला खांद्याने उडवून गेला. संघ जिंकला. फॉसीचा खांदा पुन्हा कधी पहिल्यासारखा झाला नाही. तेव्हा पंचांकडे द्यायला काही नव्हतं. उलट, असंच खेळावं असं म्हणणारेच जास्त होते.

चेंडू हातात नसताना रनरची वाट अडवायची नाही, हे तत्त्व पुस्तकात आधीपासून होतं. पण होम प्लेटवर ते जवळपास कुणी लावत नसे. कॅचर वाट अडवणार, रनर धडक मारणार, हा दोघांमधला न लिहिलेला करार. पंच बाजूला उभे राहून एवढंच पाहत की धडकेनंतर चेंडू कॅचरच्या हातात राहिला की नाही.

२५ मे २०११ च्या रात्री, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये, पुन्हा बाराव्या इनिंगमध्ये, मायामीकडच्या मार्लिन्सचा स्कॉट कझिन्स होम प्लेटकडे येताना कॅचर बस्टर पोझीवर आदळला. पोझीच्या पायाचं हाड मोडलं, घोट्याचे अस्थिबंध फाटले, त्याचा हंगाम संपला. तो जायंट्सचा सगळ्यात लाडका खेळाडू होता. चाळीस वर्षांत जे झालं नव्हतं ते पुढच्या तीन वर्षांत झालं. फेब्रुवारी २०१४ मध्ये नवा नियम आला : रनरने कॅचरला धडकण्यासाठी आपली सरळ वाट सोडायची नाही, आणि चेंडू हातात नसलेल्या कॅचरने रनरची वाट अडवायची नाही. चेंडू घेण्याच्या प्रामाणिक प्रयत्नात वाट अडली तर तेवढं माफ.

त्याच हंगामात रिप्लेची सोयही वाढवली गेली. न्यूयॉर्कमधल्या एका खोलीत बसलेले पंच कॅमेऱ्यावर बघून निर्णय बदलू शकत होते. आता तरी भांडणं मिटायला हवी होती.

३१ जुलै २०१४, मायामी. मार्लिन्स सिनसिनाटीविरुद्ध १-० ने पुढे. जियानकार्लो स्टँटनच्या लांबलचक फेकीवर सिनसिनाटीचा झॅक कोझार्ट होम प्लेटच्या बऱ्याच अलीकडे बाद झाला. रनरलाही ते मान्य असावं इतकं स्पष्ट. पण रिप्ले मागितला गेला. सहा मिनिटांहून जास्त वेळ सगळे उभे. शेवटी निकाल : चेंडू हातात यायच्या आधी कॅचर जेफ मॅथिसचा पाय वाटेत होता, म्हणून रनर सुरक्षित. मार्लिन्सचे मॅनेजर माइक रेडमंड, तेही जुने कॅचर, संतापले आणि बाहेर काढले गेले. सामना सिनसिनाटीने ३-१ असा जिंकला.

अक्षराप्रमाणे तो निर्णय चुकीचा नव्हता. पाय वाटेत होता. पण ज्या नियमाचा जन्म हाडं वाचवायला झाला, तो एका अशा प्रसंगात लागला जिथे ना धडक होती, ना धडकेची भीती. सप्टेंबरमध्ये पंचांना खुलासा पाठवला गेला : कॅचर वाटेत असला तरी त्यामुळे रनरचं खरोखर काही बिघडलं का, हे पाहा. तो तसाही बादच होणार असेल तर बाद द्या.

हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. कॅमेरा पाय कुठे होता ते इंचाने सांगतो. पण पाय तिथे नसता तर काय झालं असतं, हे कॅमेऱ्यात येत नाही. ते पुन्हा माणसालाच ठरवावं लागतं. इतकं सगळं करून नियम फिरून त्याच जागी आला, जिथे १९७५ मध्ये बार्नेट उभे होते.

तरी नियम फुकट गेला नाही. पुढे पंचांना तो क्वचितच लावावा लागला, कारण रनर आता सरकत येतात आणि कॅचर वाट मोकळी ठेवतात. एक नियम विरळा असतो कारण कुणी लावत नाही. दुसरा विरळा असतो कारण सगळे पाळतात. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

बॅट आणि हात

एक नियम मात्र उलट्या दिशेने चाललाय. बॅटरची बॅट फिरताना कॅचरच्या मिटला लागली, तर बॅटरला पहिला बेस बहाल. पूर्वी हे इतकं विरळा होतं की हंगामभर बघूनही एखाद्या प्रेक्षकाला दिसायचं नाही. १९९२ मध्ये रॉबर्टो केलीला ते आठ वेळा मिळालं तो विक्रम होता. २०१६ मध्ये जकोबी एल्सबरीला एका हंगामात बारा वेळा मिळालं. त्यानंतर तर सगळ्याच संघांत हे प्रमाण वाढत गेलं.

कारण पुन्हा कॅचर पुढे सरकतोय. पाटीच्या कडेवरचा, खालचा चेंडू मिटमध्ये अलगद घेऊन तो स्ट्राइक वाटावा असा दाखवायचा, ही कला आता मोजली जाते, तिच्यावर करार ठरतात. जितकं पुढे बसाल तितकं ते सोपं. थोडक्यात, पाठीमागच्या पंचांच्या डोळ्यांना थोडंसं फसवण्यासाठी कॅचर बॅटच्या जवळ जातो, आणि बॅट हाताला लागली की तोच पंच बॅटरला पहिला बेस देतो. पंच हे पुष्कळदा डोळ्यांनी नाही, कानांनी ठरवतात. लाकूड चामड्याला लागल्याचा आवाज चेंडूच्या आवाजाहून वेगळा असतो.

७ मे २०२४ ला सेंट लुईसमध्ये तो आवाज चामड्याचा नव्हता. जे. डी. मार्टिनेझची बॅट कॅचर विल्सन कॉन्ट्रेरासच्या डाव्या हाताला लागली आणि हाड मोडलं. नियमाप्रमाणे मार्टिनेझ पहिल्या बेसवर गेला, आणि नोंद झाली कॅचरच्या चुकीची.

पाटी पुसणारा हात

इतकं सगळं वाचून माझ्या मनात राहिली ती एक साधी पद्धत. ती कुठल्याच नियमात नाही. बॅटची कड लागून आलेला चेंडू पंचांना जोरात लागला, तर कॅचर लगेच उठतो आणि काही कारण नसताना पिचरकडे चालत जातो. दोन शब्द बोलतो, सावकाश परत येतो. तेवढ्यात पंचांना श्वास घ्यायला वेळ मिळतो. आणि चेंडू कॅचरला लागला, तर पंच पाटीसमोर येतात, खिशातून छोटा ब्रश काढतात आणि स्वच्छ असलेली पाटी पुन्हा पुसत बसतात. कॅचर सावरेपर्यंत.

पुढच्याच चेंडूवर त्याच पंचाला त्याच कॅचरविरुद्ध, पन्नास वर्षं लक्षात राहील असा निर्णय द्यावा लागू शकतो. दोघांनाही ते माहीत असतं. मला वाटतं, पंचगिरीतलं अवघड हेच आहे. नियम पाठ करणं सोपं. ज्याच्या आडोशाला उभे आहोत, ज्याच्याशी रोजचं येणं-जाणं आहे, त्याला एखाद्या दिवशी सगळ्यांना विचित्र वाटेल असा नियम सांगणं, हे अवघड.

माझ्या त्या स्पर्धेतला कीपर माझा मित्रच होता. तो आजही त्या ग्रुपवर आहे. क्लासेनच्या नोबॉलच्या रात्री त्याने लिहिलं होतं, ‘असले नोबॉल द्यायचे तर खेळायचं कसं?’ मी उत्तर टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं. शेवटी लिहिलं की तुझा तो स्टंपिंगही नोबॉलच होता, मी पाहिलं होतं, दिला नाही.

बराच वेळ काही आलं नाही. मग त्याचा मेसेज आला : ‘मला माहीत होतं.’

बॅट्समनचं नाव मात्र आम्हा दोघांनाही आठवेना.